चंचीतली साखर

माझ्या सासूबाईंची तंबाखूची चंची आता आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते. तिच्यात तंबाखू नाही. एका कप्प्यात ग्लुकोजच्या पावडरच्या पुड्या आहेत, दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे आणि तिसऱ्यात बोट टोचून साखर बघायचं मशीन. घरात येणाऱ्या कुणालाही ती दिसते आणि कुणी विचारलं तर मी सांगते. आधी तसं नव्हतं. आधी वर्षभर ती माझ्या कमरेला, साडीच्या आत खोचलेली असायची आणि गावातल्या बायकांना वाटायचं की थोरल्या बाईला, म्हणजे मला, सासूचं व्यसन लागलं. मी तसं वाटू दिलं. तंबाखूवरून नाव झालेलं मला चालत होतं, साखरेवरून नको होतं.

आमचं गाव केज तालुक्यात, घर जमीनजुमल्याचं. मालक, म्हणजे माझा नवरा, एकदा पंचायत समितीवर निवडून आले आणि तेव्हापासून ओट्यावर माणसांचा राबता सुरू झाला, तो आजतागायत आहे. येईल त्याला चहा. आमच्याकडं चहात साखर कमी पडली तर माणूस मनात म्हणतो, आपलं काम काही हे करणार नाहीत. त्यामुळं साखरेला हात आखडायचा प्रश्नच नव्हता. बाहेर एक कप गेला की आत मला अर्धा, असे दिवसाचे किती अर्धे व्हायचे याचा मी कधी विचार केला नाही. पस्तिशीत मधुमेह निघाला, चाळिशीत इन्सुलीनची सुई लागली आणि बेचाळिसाव्या वर्षी माझं वजन एकशे अठरा किलो भरलं.

लग्नकार्यात मी बसायला निघाले की बायकांचं बोलणं थांबायचं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर नसायचे, खुर्चीवर असायचे. एकदा युसूफ वडगावला एका लग्नात ती मोडली. प्लास्टिकची होती, चारी पाय चार दिशांना गेले. मांडवात जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. हसणाऱ्यांत माझी धाकटी जाऊ नव्हती, हेही आठवतं. ती ताट टाकून धावत आली आणि मला उठवण्याआधी तिनं माझा पदर नीट केला. एरवी ती मला आवडायची असं नाही. तोंडाची टकळी दिवसभर चालू, माझ्या साड्या न विचारता नेसणार आणि कढईत शेवटचं भजं उरलं की ते तिच्याच हाताला लागणार. आम्ही दोघी एका घरात वीस वर्षं एकमेकींवर खेकसत राहिलो.

शेवटी शहरातल्या एका दवाखान्यात माझं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं. अंड्याएवढं पोट ठेवायचं आणि आतडं त्याला परस्पर जोडून द्यायचं, असं काहीतरी ते होतं. गावात सांगितलं की बहिणीकडं चाललेय. दोन आठवड्यांनी परत येताना गाडी मांजरसुंब्याला थांबली. मालक ढाब्यावर जेवायला गेले आणि मी गाडीत बसून डाळीचं पाणी घोट घोट पीत राहिले. अर्धी वाटी संपायला पाऊण तास लागायचा. मालक हात पुसत खिडकीशी आले आणि म्हणाले, "गावात काय सांगायचं आता?"

त्यांनाही लाजच वाटत होती, फक्त ते लाजेला राजकारण म्हणतात. "इरोधक म्हनतील, बायकोची चरबी काढाया गेलता," ते म्हणाले.

मला विरोधकांचं काही नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर गावातल्या बायका होत्या. त्यातल्या निम्म्या वर्षाचे सहा महिने ऊस तोडायला जातात. दिवसभर मोळ्या वाहून ज्यांच्या अंगावर मूठभर मांस चढत नाही, त्यांना मी काय सांगणार होते? खाऊन खाऊन माझं पोट कापावं लागलं, असं? मी म्हणाले, "उपास केले म्हना. देवीला बोलले व्हते, तवा उपास धरलेत अन् रानात चालती." मालकांना ते एकदम पटलं. आमच्या दोघांचं लग्नापासून इतक्या पटकन कशावरही एकमत झालेलं नव्हतं.

वर्षभरात चाळीस किलो उतरले. इन्सुलीन सुटलं. गोळ्या तर डॉक्टरांनी दवाखान्यातच निम्म्या करून टाकल्या होत्या आणि वर बजावलं होतं, खाणं कमी झालं की गोळी कमी झालीच पाहिजे, नाहीतर साखर उतरून माणूस पडेल. हे वाक्य मला पाठ होतं. पुढं जे झालं त्यात मी ते विसरले होते असं कुणी समजू नये.

मग नवीनच सुरू झालं. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते त्या एवढ्याशा पोटात थांबत नाही, सरळ आतड्यात उतरतं. साखर झरझर चढते, शरीर गडबडून नको तेवढं इन्सुलीन सोडतं आणि दीड-दोन तासांनी साखर तळाला जाते. आधी माझ्या वरच्या ओठावर घाम येतो. मग हात कापतात, छाती धडधडते, समोरचं माणूस लांब गेल्यासारखं दिसतं आणि तोंडातून भलतेच शब्द यायला लागतात. आयुष्यभर जिची साखर खाली येईना, तिच्यामागं आता साखर वर ठेवायची कटकट लागली. सत्तरच्या खाली आकडा आला की तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घ्यायचं, पंधरा मिनिटं थांबून परत बोट टोचायचं आणि साखर वर आली की शेंगदाणे किंवा दही असं टिकणारं काहीतरी खायचं. एरवी गोड बंद आणि दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, आधी डाळ-उसळ, मग चतकोर भाकरी.

आता दिवसातून सहा वेळा खाणारी बाई उपासांवर बारीक झाली, हे नाटक सांभाळायचं म्हणजे काय करावं लागत असेल ते बघा. मी खोलीचं दार लावून खायची. जप करते, असं सांगितलेलं होतं. माळेच्या पिशवीत फुटाणे ठेवलेले असायचे. एकदा तर भर नवरात्रात मी उकडलेलं अंडं खाल्लं, टरफलं कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बाजाराला गेले तेव्हा रस्त्यात टाकली. बाहेर बायका म्हणायच्या, "जपाला बसल्या की अक्काला भान नसतंय." मी आत चावायचं थांबवून ऐकत राहायची.

त्याच वर्षीच्या नवरात्रातली गोष्ट. पाचवी माळ होती. शेजारणीनं बोलावून साबुदाण्याची खिचडी वाढली, त्यावर राजगिऱ्याचा लाडू आणि दोन कप चहा. उपासाचं म्हणून जे जे असतं ते सगळं माझ्यासाठी वाईट. पण उपासावर बारीक झालेली बाई फराळाला नको कशी म्हणणार? खाल्लं. दीड-दोन तासांनी देवळात दुपारची आरती सुरू झाली आणि माझ्या ओठावर घाम आला. संबळ वाजत होता. मी बाजूला व्हायला हवं होतं, पण मला पाऊल कुठं टाकावं तेच कळेना. मी खाली बसले, अंग थरथरत होतं आणि मी काहीतरी बरळत होते.

कुणीतरी ओरडलं, "देवी आली! थोरल्या बाईच्या अंगात आली!"

आमच्याकडं देवी अंगात असेपर्यंत आरती थांबवत नाहीत. एक संपली की दुसरी धरायची. नैवेद्याला हात लावायचा नाही आणि जिच्या अंगात आली तिलाही हात लावायचा नाही. लांबून हळदकुंकू टाकायचं आणि विचारायचं. बायका विचारायला लागल्या, "माय, कावून आलीस? काय चुकलं आमचं?" एकीनं विचारलं, म्हैस दूध का चोरती? मी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. तिनं नंतर पेंड बदलली, म्हैस पान्हावली आणि त्याचं श्रेयही मला मिळालं.

मला त्यातून बाहेर काढलं ते धाकटीनं. नियम मोडून ती पुढं आली, माझ्या काखेत हात घातला आणि म्हणाली, "अक्काला दम लागलाय, मी घरी नेती." म्हाताऱ्या तिच्यावर ओरडल्या तरी तिनं मला घरी आणलं. मी तिला पाणी आणायला पाठवलं आणि तेवढ्यात मूठभर साखर तोंडात कोंबली. ती परत आली तेव्हा मी तोंड पुसून बसले होते.

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर आले तर चार बायका वाट बघत उभ्या होत्या, आणि त्यातल्या एकीनं वाकून माझ्या पायांना हात लावला. वडगावच्या मांडवात खुर्ची मोडली तेव्हा तोंडाला पदर लावून हसलेली हीच बाई. मी पाय मागं घेतले नाहीत. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. त्या दिवसापासून मी चंची कमरेला बांधली, कारण पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं. आणि गावाला जे वाटत होतं, ते तसंच वाटत राहू दिलं.

धाकटीला मधुमेह होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिला गोळी होती, सकाळी जेवणाआधी घ्यायची. वजनही वाढलेलं होतं. पुढच्या श्रावणात एकदा आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. ती म्हणाली, "अक्का, मला बी सांगा की तुमी कसं केलं. माझे गुडघे लई दुकायलेत."

मी शेंगा फोडत राहिले. "उपास धर," मी म्हणाले. "नवरात्रात नऊ दिस धर. देवी करून घेती."

"अन् गोळी? उपासाला गोळी चालती का?"

"चालती की. गोळीला काय व्हतंय? ते का खानं हाय?"

तिनं मान हलवली आणि टोपल्यातले दाणे चाखून बघितले. मी तिला मुद्दाम मारायला निघाले नव्हते. मला वाटलं, ही दोन दिवस धरेल आणि तिसऱ्या दिवशी भजी तळेल. तिच्या तोंडाला आवर नाही असं मी समजत होते. माझ्या तोंडाला आवर घालायला सर्जन लागला, तरी मला तसं वाटत होतं.

पण तिनं धरले. तेही कडक. दिवसभर नुसतं पाणी आणि संध्याकाळी एक रताळं. तिसऱ्या माळेला ती चुलीशी बसल्या बसल्या पेंगली. पाचव्या माळेला मी तिला विचारलं, "गोळी घेतीस का गं?" ती म्हणाली, "रोज. तुमी चालती म्हनलात की." मी "बरं" म्हणाले आणि खोलीत जपाला गेले. शेंगदाण्यांचा घास माझ्या तोंडात बराच वेळ फिरत राहिला. मी बाहेर येऊन तिला थांबवू शकले असते. पण मग तिनं विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत?

आठव्या माळेला होम होता. देवळापुढं बायकांची गर्दी होती. दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरणाऱ्या कुटुंबातली एक म्हातारीही आली होती, खांबाला टेकून मागं बसली होती. धाकटी माझ्या बरोबर समोर होती, मधे होमाचं कुंड. आदल्या संध्याकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं आणि गोळी तेवढी सकाळी वेळेवर गेली होती. आरतीचं पहिलं कडवं चालू होतं. तिच्या टाळ्या चुकायला लागल्या. मग मला तिचा वरचा ओठ दिसला. त्यावर घाम होता.

मला तिथंच कळलं. डॉक्टरालाही मशीन लावावं लागलं असतं, मला लागलं नाही.

मी टाळ्या वाजवत राहिले. मनाला सांगितलं, आरती संपू दे, प्रसाद वाटतीलच, पेढा तोंडात पडेल आणि भागेल. माझ्या कमरेला ग्लुकोजच्या तीन पुड्या होत्या. त्या काढल्या असत्या तर सगळ्यांनी विचारलं असतं, उपासाच्या बाईच्या कमरेला हे काय? आणि धाकटीला त्यानं बरं वाटलं असतं तर गेल्या वर्षीची देवी कोण होती तेही गावाला कळलं असतं. एवढा सगळा विचार मी टाळ्या न चुकवता केला.

दुसऱ्या कडव्याला ती बसली. अंग थरथरायला लागलं, केस सुटले. आणि ती आरोळी उठलीच, "आली! धाकटीच्या बी अंगात आली!" संबळ जोरात वाजायला लागला. हळदकुंकू उडालं. एक आरती संपली आणि दुसरी सुरू झाली. आता आरती संपणार नव्हती. हे मला सगळ्यांच्या आधी समजायला हवं होतं आणि समजलंही होतं.

धाकटी माझ्याकडं बघत होती. घामानं कुंकू डोळ्यांत उतरत होतं तरी ती माझ्याकडंच बघत होती.

मागून ती मेंढरांमागची म्हातारी उठून आली. "देवी न्हाई बायांनो ही," ती म्हणाली. "भूक हाय. उनात मेंढरामागं आमची बी अशीच गत व्हती. गूळ द्या तिला आदी."

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. गावात देवीचं ज्ञान त्या वर्षी माझ्याकडं होतं. मी फक्त मान हलवली असती तरी कुणीतरी गूळ आणला असता.

मी म्हणाले, "गप बस म्हातारे. तुला काय कळतंय देवीचं?"

हे मी म्हणाले. लिहिताना वाटलं होतं, हे वाक्य गाळावं. या सगळ्यात माझी सगळ्यात जास्त लाज या वाक्यात आहे, म्हणून ठेवलंय. म्हातारी गप बसली. गरिबाला गप बसवायला आमच्या घराण्याला कधी फार जोर लावावा लागला नाही.

मग धाकटीची मान कलली आणि तोंडाच्या कडेनं लाळ आली. तेव्हा कुठं माझे पाय हलले. मी कुंडाला वळसा घालून गेले की त्यावरून, ते आठवत नाही. साडीच्या काठाला भोक पडलेलं नंतर दिसलं. साडीतून चंची ओढून काढली. पुडी दातानं फाडली, पावडर बोटावर घेऊन तिच्या गालाच्या आतून चोळली, परत घेतली, परत चोळली. म्हातारीनं न सांगता तिचं डोकं मांडीवर घेऊन एका कुशीला वळवलं. शेंगदाणे जमिनीवर सांडले होते आणि बायका त्या शेंगदाण्यांकडं बघत होत्या. संबळ कधी थांबला ते मला कळलं नाही. धाकटीनं एकदा गिळलं, मग परत एकदा गिळलं.

मालकांच्या जीपमधून तिला केजला दवाखान्यात नेलं. साखर तरीही चाळिशीच्या खाली होती. डॉक्टर म्हणाले, "तोंडात साखर कुणी घातली? थोडा अजून उशीर झाला असता तर फिट आली असती." कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं आणि डॉक्टरांनी शाबास म्हटलं. त्या शाबासकीनं माझं तोंड कडू झालं. गोळीचा असर लगेच जात नाही, साखर परत उतरू शकते, म्हणून त्यांनी तिला ठेवून घेतलं. मालक मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टरला काय सांगायचं ते सांग. गावात बोभाटा नको." ते मांजरसुंब्यालाही असेच हात पुसत उभे होते, आणि मीच त्यांना ती युक्ती दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत आम्ही दोघीच होतो. तिच्या हाताला सलाईन होतं. रंग परत आला होता आणि टकळीही. "अक्का," ती म्हणाली, "माझ्या बी अंगात आली नं देवी? बाया म्हनल्या का काई? मला कायबी आठवना. तुमच्यासारकंच झालं का?"

ती खूश होती. वीस वर्षांत तिला एकदा माझ्याइतकं मोठं झाल्यासारखं वाटत होतं. कुंकवाचा एक ओघळ अजून कानामागं राहिला होता.

मी सांगितलं. खुर्चीपासून सगळं सांगितलं: ऑपरेशन, डाळीचं पाणी, जपाची पिशवी, अंडं, गेल्या वर्षीची देवी, गोळी. अंड्याला तिला हसू आलं. गोळीपाशी ते गेलं.

"म्हंजी गोळीचं तुमाला आदीच ठावं व्हतं?"

"व्हतं."

"अन् काल? काल तुमाला कळलं व्हतं?"

"हो."

"कवा कळलं?"

"पहिल्या कडव्याला."

ती भिंतीकडं तोंड करून वळली. पाठमोरीच म्हणाली, "मी तुमच्याकडंच बगत व्हते. मला वाटलं, अक्का हाय समोर, अक्काला कळंल."

मी बोलायला लागले, माफ कर, चुकलं, मी भ्याले, असं काहीबाही. त्या दिवशी पहाटेपासून मी दोनदा दवाखान्याच्या दारातला चहा घेतला होता, रिकाम्या पोटी आणि पूर्ण साखरेचा, कारण बिनसाखरेचा मागायचं भान नव्हतं. बोलता बोलता माझे शब्द एकमेकांत अडकायला लागले. मला वाटलं, रडू येतंय म्हणून असेल. भिंतीवरचं कॅलेंडर लांब गेलं. हात कमरेला गेला तेव्हा आठवलं की चंची रिकामी आहे, पुड्या काल संपल्या.

धाकटीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

ती उठून बसली. सलाईनची नळी ताणली गेली, सुईपाशी रक्त आलं, तिकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. नर्सनं तिच्यासाठी ठेवलेला ग्लुकोजच्या पाण्याचा पेला तिनं उचलला आणि दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली. "आदी प्या," ती म्हणाली. "माफी मंग मागा."

तिचा राग गेला नव्हता. तो तिच्या बोटांतही होता. हनुवटी दुखेपर्यंत तिनं धरून ठेवली होती. पण माझ्या ओठावरचा घाम तिला दिसला आणि तिनं कुठलीही आरती संपायची वाट पाहिली नाही.